खाणीच्या तोंडाशी लागलेला कर : प्रस्तावना

जमिनीच्या पोटातून कोळसा, लोहखनिज, बॉक्साइट किंवा तेल बाहेर काढणाऱ्या उद्योगांवर कार्बन कराचा होणारा परिणाम इतर उद्योगांवरील परिणामापेक्षा मुळातच वेगळा असतो. रसायनांचा कारखाना करभार वाढला तर दुसऱ्या राज्यात वा दुसऱ्या देशात हलवता येतो. खाणीला ती वाट नसते, कारण खनिज जेथे आहे तेथेच खाण असते आणि तिच्या आधाराने उभी राहिलेली कामगार वसाहत, रेल्वेचा फाटा, ट्रकमालक, गॅरेजवाले आणि आठवडी बाजार हेही तेथेच खिळलेले असतात. शिवाय बहुतेक खनिजांचा भाव खाणमालक ठरवत नाही, तो जागतिक बाजार ठरवतो किंवा शासन ठरवते. आणि साठा संपणारा असल्यामुळे आज किती काढायचे व उद्यासाठी किती ठेवायचे हा प्रश्न, जो कापडगिरणीसमोर कधीच नसतो, खाणीसमोर सतत असतो. या वैशिष्ट्यांमुळे ‘कार्बन कराने खाणउद्योग बुडतो का’ या वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. कर कोणाच्या खिशातून शेवटी जातो आणि जमलेला पैसा कोठे पोचतो, हे दोन प्रश्न आधी सोडवल्याखेरीज कराच्या दराविषयीचा वाद निरर्थक ठरतो, हे दाखवणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे; आणि त्यासाठी भारताने २०१० पासून कोळशावर आकारलेल्या उपकराइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

कार्बन कर म्हणजे वातावरणात सोडल्या जाणाऱ्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडवर, किंवा तो वायू ज्यातून निर्माण होणार आहे त्या इंधनावर, शासनाने ठरवलेल्या दराने आकारलेली रक्कम. तिच्यामागचा विचार केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कल्याणविषयक अर्थशास्त्राच्या ग्रंथात मांडला होता. एखाद्या उत्पादनामुळे तिऱ्हाइताचे नुकसान होत असेल आणि ते उत्पादकाच्या हिशेबात कोठेच धरले जात नसेल, तर तेवढ्या रकमेचा कर लावून ते त्याच्या हिशेबात आणावे, म्हणजे किती उत्पादन करायचे हे तो खऱ्या खर्चाकडे पाहून ठरवील, असा तो विचार होता. तापमानवाढीच्या संदर्भात तो प्रथम अमलात आणला फिनलंडने, १९९० साली. पुढच्या वर्षी स्वीडन आणि नॉर्वे यांनी तोच मार्ग धरला. उत्सर्जन परवान्यांचा बाजार ही याचीच दुसरी पद्धत असून तीत शासन वायूचे प्रमाण ठरवते व दर बाजारावर सोडते, तर करात दर ठरवून प्रमाण बाजारावर सोडते. खाणीच्या ताळेबंदाच्या दृष्टीने दोहोंत फारसे अंतर नसल्यामुळे पुढील विवेचनात दोन्हींचा विचार एकत्रच केला आहे.

अर्थशास्त्रात कराघात आणि करभार असा भेद केला जातो. कर प्रथम ज्याच्याकडून वसूल होतो त्याच्यावर कराघात होतो. तो शेवटी ज्याला सोसावा लागतो त्याच्यावर करभार पडतो. ग्राहकाला दुसरा पर्याय नसेल आणि विक्रेत्याला भाव वाढवण्याची मुभा असेल, तर कर पुढे सरकतो; भाव बाहेर ठरत असेल, तर तो विक्रेत्याकडेच थांबतो. खाणीच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे खंड. उत्पादनखर्च आणि वाजवी नफा वजा जाता केवळ साठ्याच्या उत्तम प्रतीमुळे किंवा सोयीच्या जागेमुळे मालकाच्या हाती जे आधिक्य राहते त्याला खंड म्हणतात. शेतजमिनीच्या संदर्भात अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी मांडलेली ही कल्पना खाणींना अधिकच चपखल लागू पडते. ज्या खाणीत खनिज उथळ आणि उत्तम प्रतीचे आहे तेथे खंड मोठा असतो, म्हणून पुढे न सरकलेला कर तेथे केवळ आधिक्याला खातो आणि उत्पादन पूर्वीसारखेच चालू राहते. पण जी खाण खोल, जुनी आणि जेमतेम खर्च भागवणारी आहे तिच्यापाशी खाण्यासारखे आधिक्यच नसते, त्यामुळे तोच कर तिला बंद पाडू शकतो. एकाच दराचा कर एका खाणीत भागधारकांचा लाभांश कमी करतो आणि शेजारच्या खाणीत कामगारांची पाळी बंद करतो. सरासरीच्या आकड्यांत हा भेद दिसत नाही, आणि या विषयावरील बरीचशी चर्चा सरासरीवरच चालते, ही खेदाची गोष्ट आहे.

साठा संपणारा असल्याने उद्भवणारा प्रश्न हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९३१ सालच्या प्रसिद्ध निबंधात मांडला. खनिज जमिनीत ठेवणे हीही एक गुंतवणूकच आहे, म्हणून त्याचा भाव व्याजदराइतक्या वेगाने वाढण्याची अपेक्षा असेल तरच मालक ते ठेवील, असे त्यांचे म्हणणे होते. यातून पुढे निघालेला निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. कार्बन कर दरवर्षी वाढत जाणार अशी घोषणा झाली, तर साठ्याचा मालक उद्याच्या कराच्या भीतीने आजच अधिक उपसा करील. जर्मन अर्थशास्त्रज्ञ हान्स-वर्नर झिन यांनी २००८ मध्ये याला हरित विरोधाभास असे नाव दिले. तेलाच्या बाबतीत या युक्तिवादाला वजन आहे. कोळशाचे साठे मात्र एवढे मोठे आहेत की दुर्मिळतेचा खंड त्यात अल्पच असतो, आणि भारतात तर कोल इंडिया ही सर्वांत मोठी उत्पादक कंपनी सरकारी मालकीची असल्यामुळे उपशाचे निर्णय भविष्यातील भावापेक्षा वीज केंद्रांच्या मागणीवर ठरतात.

खाणीशी निगडित उत्सर्जन तीन थरांचे असते. पहिला थर खाणीच्या आत घडतो: डम्परचे डिझेल, आणि कोळशाच्या थरात अडकलेला व खोदताना मोकळा होणारा मिथेन, जो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. दुसरा थर विकत घेतलेल्या विजेचा, जो दळण-चाळणीच्या आणि धातू गाळण्याच्या उद्योगांत फार मोठा असतो. एक टन ॲल्युमिनियम काढण्यासाठी सुमारे १४ हजार युनिट वीज लागते, म्हणून कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या ॲल्युमिनियम उद्योगाला कार्बन कर म्हणजे प्रत्यक्षात वीजदरवाढच असते. तिसरा थर खाणीबाहेर, माल जळतो तेव्हाचा. कोळशात आणि तेलात तो पहिल्या दोहोंहून कितीतरी मोठा, तर तांब्यात वा मँगनीजमध्ये तो नसतोच. यांपैकी कोणता थर करपात्र ठरवला आहे यावर सारे अवलंबून असते. तांब्याच्या खाणीला तर कार्बन कराचा लाभही होऊ शकतो, कारण विजेच्या गाड्या, पवनचक्क्या आणि वाहक तारा यांची मागणी त्याच करामुळे वाढते.

पहिल्या थरावरचा कर कसे काम करतो याचे स्वच्छ उदाहरण नॉर्वेचे आहे. उत्तर समुद्रातील तेल आणि वायूच्या उत्पादनावर १९९१ पासून तेथे कार्बन कर लागला. त्याच समुद्रातील स्लाइपनर या वायुक्षेत्रातील नैसर्गिक वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड असे आणि विक्रीयोग्य होण्यासाठी तो काढून टाकावाच लागे. हवेत सोडला तर कर भरावा लागणार होता. ते क्षेत्र चालवणाऱ्या कंपनीने हिशेब केला आणि १९९६ पासून तो वायू समुद्रतळाखालच्या उत्सिरा नावाच्या वालुकाश्मात दाबून भरण्यास सुरुवात केली. दरवर्षी सुमारे १० लाख टन वायू अशा रीतीने गाडला गेला. तेलउद्योग देशाबाहेर गेला नाही, कारण तेल तेथेच होते, आणि खंड एवढा मोठा होता की कर सोसूनही तो उद्योग अत्यंत फायद्याचा राहिला.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आणि म्हणूनच अधिक बोधप्रद आहे. जुलिया गिलार्ड यांच्या सरकारने १ जुलै २०१२ पासून टनामागे २३ ऑस्ट्रेलियन डॉलर असे कार्बनचे मूल्य लागू केले. वर्षाला २५ हजार टनांहून अधिक उत्सर्जन करणाऱ्या आस्थापना त्याच्या कक्षेत आल्या आणि त्यांत कोळशाच्या अनेक खाणी होत्या. खाणमालकांच्या संघटनांनी खाणी बंद पडतील, गुंतवणूक परदेशी जाईल असा जोरदार प्रचार केला. प्रत्यक्षात हा भार खाणीतून निसटणाऱ्या मिथेनवर आणि इंधनावर होता; निर्यात झालेला कोळसा जपानमध्ये वा चीनमध्ये जळताना होणाऱ्या उत्सर्जनावर तो मुळीच नव्हता. त्यामुळे ज्या खाणींत वायू कमी होता त्यांना टनामागे किरकोळ भार पडला, आणि ज्या भूमिगत खाणी वायूने भरलेल्या होत्या त्यांना तो खरोखर जाणवला, त्यांच्यासाठी १.३ अब्ज डॉलरची वेगळी मदत योजना आखावी लागली. जागतिक स्पर्धेत असलेल्या ॲल्युमिनियम, पोलाद यांसारख्या उद्योगांना त्यांच्या गटाप्रमाणे ९४.५ किंवा ६६ टक्के दराने फुकट परवाने देण्यात आले, आणि घरगुती वीजदरवाढीच्या भरपाईसाठी आयकरमुक्त उत्पन्नाची मर्यादा ६ हजार डॉलरवरून १८,२०० डॉलरवर नेण्यात आली.

याच काळात कोळशाचे जागतिक भाव घसरत होते, काही खाणींत कपात झाली, आणि तिचे खापर करावर फोडणे सोपे झाले. पण याच दोन वर्षांत देशाची कोळसा निर्यात वाढतच होती, हे त्या प्रचारात सांगितले गेले नाही. टोनी ॲबट यांच्या सरकारने १ जुलै २०१४ पासून कर रद्द केला, तरी भावातील मंदी त्यानंतरही चालूच राहिली. खनिजाच्या भावातील चढउतार कराच्या रकमेपेक्षा कितीतरी मोठे असतात, आणि कराचा परिणाम त्यांपासून वेगळा काढल्याशिवाय कोणताही निष्कर्ष मांडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दक्षिण आफ्रिकेने १ जून २०१९ पासून टनामागे १२० रँड असा कर लावला, पण ६० ते ९५ टक्के उत्सर्जन त्यातून वगळल्यामुळे प्रत्यक्ष दर ६ ते ४८ रँड एवढाच उरला. तेथे कराच्या परिणामापेक्षा सवलतींच्या राजकारणाचाच अभ्यास अधिक करावा लागतो.

भारताने कार्बन कर या नावाने कोणताही कर लावलेला नाही. तथापि २०१०–११ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी कोळसा, लिग्नाइट आणि पीट यांवर टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर जाहीर केला, तो १ जुलै २०१० पासून देशी आणि आयात अशा दोन्ही कोळशांवर लागू झाला. २०१४ मध्ये तो १०० रुपये, मार्च २०१५ पासून २०० रुपये आणि मार्च २०१६ पासून ४०० रुपये झाला. शेवटच्या वाढीबरोबर त्याचे नावही स्वच्छ पर्यावरण उपकर असे बदलले. सहा वर्षांत आठपट झालेल्या या उपकराविरुद्ध खाणपट्ट्यांत वा शहरांत मोठे आंदोलन झाले नाही, संसदेत सरकार अडचणीत आले नाही. ऑस्ट्रेलियात ज्या कारणाने सरकार कोसळण्याची वेळ आली ते भारतात एवढे शांतपणे घडले, याचे कारण भारतीय जनतेची पर्यावरणनिष्ठा नव्हे. हा कर कोणालाच कर म्हणून दिसला नाही, हे त्याचे कारण आहे.

देशांतर्गत कोळशाचा बहुतांश भाग कोल इंडिया व तिच्या उपकंपन्या काढतात आणि तो दीर्घ मुदतीच्या इंधन पुरवठा करारांखाली, कंपनीने जाहीर केलेल्या दराने, वीज केंद्रांना जातो. उपकर बिलात वेगळ्या ओळीने लावला जाई, म्हणून खाणीने तो सोसण्याचा प्रश्नच नव्हता. वीज केंद्रालाही तो सोसावा लागला नाही, कारण वीजखरेदी करारांत ‘कायद्यातील बदल’ या कलमाखाली नवा कर वीज घेणाऱ्या वितरण कंपनीकडे सरकवता येतो आणि नियामक आयोगाची त्याला मान्यता असते. वितरण कंपनी तो ग्राहकाकडे सरकवते. महाराष्ट्रातील वीजबिलावर इंधन समायोजन आकार या नावाने जी रक्कम येते, तिच्यात इंधनखर्चातील असे सर्व बदल उतरतात. एका युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो असे धरले, तर टनामागचे ४०० रुपये म्हणजे युनिटमागे सुमारे २६ पैसे होतात. वितरण कंपनीला ते वसूल करता आले नाहीत तेथे तिचा तोटा वाढला, आणि तो अखेर राज्याच्या तिजोरीवर आला. महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीच्या चंद्रपूर येथील २,९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्रात वेकोलिचा, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोल इंडियाच्या उपकंपनीचा, कोळसा जळतो आणि त्याची वीज मुंबई-पुण्यापर्यंत जाते. उपकर वेकोलिच्या खाणीच्या तोंडाशी लागला तरी तो ना वेकोलिने भरला ना महानिर्मितीने, तो भरला शेवटच्या टोकाच्या घराने आणि दुकानाने.

उत्सर्जन कमी करण्याचा कर ज्याच्या निर्णयावर परिणाम करायला हवा, त्या खाणीवर आणि वीज केंद्रावर त्याचा असा परिणाम जवळजवळ झालाच नाही. केंद्रांना चालवण्याचा क्रम बदलण्यापुरते त्याने काही साधले असेल, पण याच काळात सौर विजेचे दर एवढे कोसळले (राजस्थानातील भाडला येथे २०१७ मध्ये युनिटला २.४४ रुपयांची बोली लागली) की २६ पैशांचा उपकर त्यापुढे गौण ठरला. भारतात कोळशाचे वार्षिक उत्पादन २०२४–२५ मध्ये १०० कोटी टनांच्या पुढे गेले.

उपकराची रचनाही कार्बनशी जुळणारी नव्हती. तो कोळशाच्या वजनावर होता. भारतीय कोळशात राख फार, अनेकदा ३५ ते ४५ टक्के, त्यामुळे टनामागे कार्बन कमी. आयात कोळसा त्या मानाने कार्बनसंपन्न. एक टन कार्बन जळाला की ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे रसायनशास्त्राचे प्रमाण लावले, तर ४० टक्के कार्बन असलेल्या कोळशावर ४०० रुपयांचा उपकर हा प्रतिटन वायूला सुमारे २७० रुपये पडतो, आणि ६० टक्के कार्बन असलेल्या कोळशावर सुमारे १८० रुपये. म्हणजे जो कोळसा टनागणिक अधिक वायू सोडतो त्याच्या वायूवर कर कमी, हे या कराचे उलटे रूप. किमतीच्या प्रमाणात पाहिले तर हजार रुपयांच्या आसपास भाव असलेल्या हलक्या प्रतीच्या कोळशावर हा उपकर ४० टक्के होता, तर चार हजारांच्या कोळशावर १० टक्के.

या उपकराच्या पैशाचे काय झाले, हा या कथेतील सर्वांत वेदनादायक भाग आहे. स्वच्छ ऊर्जेचे संशोधन आणि प्रकल्प यांसाठी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी स्थापन झाला होता. २०१०–११ ते २०१७–१८ या काळात सुमारे ८६ हजार कोटी रुपये उपकरापोटी जमा झाले. त्यांतले निधीकडे वर्ग झाले सुमारे ३० हजार कोटी आणि प्रकल्पांना प्रत्यक्ष मिळाले सुमारे १६ हजार कोटी. उपकर हा राज्यांबरोबर वाटून घ्यावयाच्या करांत मोडत नसल्याने झारखंड, ओडिशा, छत्तीसगड किंवा महाराष्ट्र यांना त्यातून हक्काचा वाटा नव्हता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, स्वच्छ पर्यावरण उपकर रद्द झाला, आणि त्याच ४०० रुपयांचे रूपांतर भरपाई उपकरात झाले. हा उपकर नव्या करपद्धतीत महसूल बुडालेल्या राज्यांना भरपाई देण्यासाठी होता. एका कोळसा व्यापारी कंपनीने याला आव्हान दिले असता सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१८ रोजी भरपाई उपकर वैध ठरवला आणि आधी भरलेल्या स्वच्छ ऊर्जा उपकराची वजावट नाकारली. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच असेल. धोरणाच्या दृष्टीने मात्र त्या दिवसापर्यंत कोळशावरील कराचा हवामानाशी असलेला औपचारिक संबंधही संपलेला होता.

२२ सप्टेंबर २०२५ पासून हा भरपाई उपकर कोळशावरून उठला आणि वस्तू व सेवा कराचा दर ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. या बदलाचे वर्णन एका बाजूने कोळसा स्वस्त झाला असे, तर दुसऱ्या बाजूने कोळशावरील कर तिपटीहून वाढला असे केले गेले, आणि दोन्ही वर्णने आपापल्या जागी खरी आहेत. वजनावरचा स्थिर कर जाऊन किमतीवरचा टक्केवारीचा कर आल्यामुळे करपात्र मूल्य सुमारे ३,०७७ रुपयांहून कमी असलेल्या कोळशावरील भार घटला व त्याहून महाग कोळशावरील वाढला. हजार रुपयांच्या टनावर पूर्वी एकूण ४५० रुपये कर होता, तो १८० झाला. पाच हजारांच्या टनावर ६५० होता, तो ९०० झाला. वीज केंद्रे बहुतांशी स्वस्त प्रतीचा कोळसा जाळत असल्याने कोळशाची वीज त्या प्रमाणात स्वस्त झाली.

याहून खोल असलेला बदल फारसा चर्चिला गेला नाही. वस्तू व सेवा करात खरेदीवर भरलेला कर विक्रीवरील करातून वजा करून घेता येतो, याला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. भरपाई उपकराचे क्रेडिट मात्र केवळ भरपाई उपकरापोटीच वापरता येई. सिमेंटच्या किंवा पोलादाच्या विक्रीवर तो उपकर नव्हता, म्हणून देशांतर्गत बाजारासाठी माल बनवणाऱ्या कारखान्याला कोळशावरचे ४०० रुपये खराखुरा खर्च म्हणून सोसावे लागत. आता संपूर्ण १८ टक्क्यांचे क्रेडिट त्याला मिळते, म्हणजे सिमेंट आणि पोलाद उद्योगासाठी कोळशावरील कराचा आर्थिक परिणाम जवळजवळ शून्य झाला. वीज मात्र वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. तिच्या विक्रीवर कर नाही, म्हणून वीज केंद्राला क्रेडिटही नाही, आणि तेथे तो कर आजही खर्चात मिसळून ग्राहकापर्यंत पोचतो. कोळसा जाळणाऱ्या दोन उद्योगांपैकी एकावर कर आणि दुसऱ्यावर नाही, ही विषमता कोणी विचारपूर्वक निर्माण केली असे दिसत नाही. ती करपद्धतीच्या सांध्यांतून आपोआप निर्माण झाली आहे, आणि म्हणूनच ती दुरुस्त करण्याची जबाबदारीही कोणी घेत नाही.

हा मुद्दा आता देशाच्या सीमेपलीकडे गेला आहे. युरोपीय संघाची कार्बन सीमा समायोजन यंत्रणा १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण स्वरूपात सुरू झाली असून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांच्या आयातीबरोबर त्यांच्या उत्पादनातील कार्बनसाठी प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागणार आहेत. कच्चे लोहखनिज या यादीत नाही, पण त्याच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, आहेत आणि स्पंज आयर्नही आहे. याचा अर्थ असा की खनिज तसेच जहाजावर चढवणाऱ्याला ही यंत्रणा गाठत नाही, मात्र खाणीच्या प्रदेशातच त्यावर प्रक्रिया करून रोजगार वाढवू पाहणाऱ्याला गाठते. गडचिरोलीतील सूरजागडसारख्या लोहखनिजाच्या पट्ट्यात प्रक्रिया उद्योग उभे राहावेत अशी जी अपेक्षा दीर्घकाळ व्यक्त होत आली, तिच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. मूळ देशात प्रत्यक्ष भरलेल्या कार्बन मूल्याची वजावट युरोप देतो, परंतु परत मिळालेली रक्कम त्यात धरत नाही. भारताने २०२३ मध्ये अधिसूचित केलेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना या दृष्टीने महत्त्वाची असली, तरी ती उत्पादनाच्या एककामागील उत्सर्जनावर आधारलेली आहे. एकूण उत्सर्जनाला ती मर्यादा घालत नाही.

राहता राहिला खाणजिल्ह्यांचा प्रश्न, आणि या विषयाचे मर्म येथेच आहे. कोळसा उद्योगातील रोजगार कार्बन करामुळे जाईल ही भीती वारंवार व्यक्त होते. परंतु कोल इंडियातील कायम कामगारांची संख्या, जी १९९० च्या दशकाच्या आरंभी ६ लाखांहून अधिक होती, ती कोणत्याही कार्बन कराशिवाय २ लाखांच्या किंचित वर एवढी उरली, आणि त्याच काळात उत्पादन कित्येक पटींनी वाढले. भूमिगत खाणी बंद होऊन खुल्या खाणी आल्या, फावड्याची जागा प्रचंड यंत्रांनी घेतली, कायम कामगाराच्या जागी कंत्राटी कामगार आला. वणी, बल्लारपूर किंवा उमरेडच्या पट्ट्यात आज खाणीवर अवलंबून असलेला मोठा वर्ग कोल इंडियाच्या हजेरीपटावर नाहीच. तो डम्पर चालवतो, कोळशाची वाहतूक करतो, मातीच्या ढिगाऱ्यांवर रोजंदारी करतो, आणि कराच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या तक्त्यांत त्याची नोंद होत नाही. रेल्वेच्या मालवाहतुकीचा सुमारे निम्मा भाग कोळशाचा आहे आणि त्या उत्पन्नातून प्रवासी भाड्याची तूट भरून निघते, म्हणजे कोळसा घटल्याचा परिणाम खाणीपासून शेकडो मैल दूर असलेल्या प्रवाशापर्यंतही पोचणार आहे.

कोळशाच्या एका टनातून कोणाला काय मिळत आले याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. कोळशावरील स्वामित्वधन, म्हणजे खनिजाचा मूळ मालक म्हणून राज्याला मिळणारा मोबदला, किमतीच्या १४ टक्के आहे. खाणविषयक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाला जुन्या खाणपट्ट्यांतून त्याच्या ३० टक्के एवढी जादा रक्कम मिळते. हजार रुपयांच्या टनावर राज्याला १४० रुपये, खाणीची धूळ खाणाऱ्या जिल्ह्याला ४२ रुपये, आणि पर्यावरणाच्या नावाने सुरू होऊन पुढे राज्यांच्या भरपाईकडे वळलेल्या उपकरापोटी ४०० रुपये, असे हे वाटप सप्टेंबर २०२५ पर्यंत होते. खाणबंदीसाठी कंपन्यांनी एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, पैसे भरण्याचा नियम आहे, पण त्याचा रोख मुख्यतः जमीन, ढिगारे आणि पाणी यांच्याकडे आहे.

गोव्यात २०१२ मध्ये लोहखनिजाचे उत्खनन अचानक थांबले तेव्हा ट्रक, बार्ज आणि त्यांवर काढलेली कर्जे यांचे काय होते हे कोकणी-मराठी मुलखाने पाहिले आहे. त्या बंदीचे कारण बेकायदा उत्खनन होते, कार्बन नव्हे, पण तयारीशिवाय थांबलेल्या खाणीचे आर्थिक परिणाम कारण बदलले म्हणून बदलत नाहीत. त्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये लोहखनिजाच्या विक्रीतील १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकण्याचा आदेश दिला, जेणेकरून संपणाऱ्या संपत्तीचा काही भाग पुढच्या पिढ्यांसाठी राहील. कोळशाच्या जिल्ह्यांना असा निधी नाही. त्यांचे प्रतिष्ठान चालू उत्पादनाच्या स्वामित्वधनावर चालते, म्हणून कोळशाचा उपसा जसा घटेल तसा तो झरा आटेल, आणि नव्या रोजगारासाठी, कामगारांच्या प्रशिक्षणासाठी, खचलेल्या जमिनी आणि तुटलेली गावे सावरण्यासाठी पैशाची गरज जेव्हा सर्वाधिक असेल तेव्हाच तो सर्वांत कमी असेल. कोळशावरील कराच्या उत्पन्नातून खाणजिल्ह्यांसाठी ठरावीक हिस्सा बाजूला काढण्याची तरतूद २०१० च्या उपकरात नव्हती, २०१७ च्या भरपाई उपकरात नव्हती, आणि २०२५ मध्ये बदललेल्या दरातही ती करण्यात आलेली नाही.